यंदा महालक्ष्म्या कोणाकडे

३ ऑगस्ट, रविवार

लिहायला फार उशीर झाला, माफी असावी. कोणाची मागतोय कोण जाणे, वही माझीच. डोळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी लिहिणं बंद केलं होतं, मग सवयच गेली. आज लिहिल्याशिवाय चैन पडेना.

पुण्याहून फोन नाही. दर रविवारी चहाच्या वेळी धाकट्या प्रदीपचा येतो. मागच्या रविवारीही आला नाही. कारण माहीत आहे. त्याआधी त्याच्या बायकोचा, प्राचीचा आला होता. "बाबा, यंदा महालक्ष्म्या आमच्याकडे पुण्याला बसवू का?" मी म्हणालो, "मी आहे तोवर देव वेगळे व्हायचे नाहीत." आणि फोन ठेवला.

काय चुकीचं बोललो? आमच्यात भाऊ वेगळे होतात तेव्हा आधी देव वाटले जातात, मग भांडी. वडिलांचे आणि काकांचे देव वेगळे झाले. त्यानंतर दोघे सख्खे भाऊ एकमेकांना "तुम्ही" म्हणायला लागले.

बी.पी.ची गोळी घेतली. घेतली ना? हो, पाकीट बघून आलो.

५ ऑगस्ट, मंगळवार

नात ऋचा कॉलेजात समाजशास्त्र शिकते. प्रोजेक्ट आलंय : कुटुंबाविषयीचे सिद्धांत आपल्याच घराला लावून बघा, आणि कुठे बसत नाहीत ते लिहा. मी आठवी पास, उभा जन्म रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. मला म्हणते, "आजोबा, तुम्ही माझे सॅम्पल."

पहिला सिद्धांत बरा वाटला. कुटुंब शरीरासारखं, प्रत्येक अवयवाचं काम ठरलेलं, सगळ्यांनी केलं की शरीर नीट चालतं. म्हटलं लिही, आपलं असंच आहे. मी डोकं. तुझा बाप हातपाय, रोज इंदूरला अप-डाउन करतो.

"आणि आई?"

"पोट. सगळ्यांना तीच जेवू घालते."

स्वयंपाकघरातून माधवीचा आवाज. "पोट नाही बाबा, पाठ लिहायला सांगा. तीच दुखते."

हसलो सगळे. थोरली सून बोलते कमी, पण बोलली की...

८ ऑगस्ट, शुक्रवार

आजचा सिद्धांत आवडला नाही. म्हणे घरातही मालक-मजूर असतात, कष्ट एकाचे आणि मान दुसऱ्याचा. ऋचाने महालक्ष्म्यांचंच उदाहरण घेतलं.

"मागच्या वर्षी तुम्ही काय केलंत?"

"लक्ष ठेवलं."

"कशावर?"

"सगळ्यावर!"

"सोळा भाज्या कोणी चिरल्या? पुरण कोणी वाटलं? माळ्यावरून मुखवट्यांची पेटी कोणी उतरवली?"

चिडलो. घर आहे की कारखाना? तुझ्या आजीने कधी हिशेब मांडला नाही. पोरगी म्हणाली, "मांडला नाही, की तुम्ही विचारलं नाही?"

जेवलो नाही नीट. हिचा फोटो समोर. विचारायचं राहिलंच, खरंय. पण ते काय पुस्तक वाचून कळायला हवं?

११ ऑगस्ट, सोमवार

महाकालची सवारी, पालखी सगळ्या उज्जैनात फिरते. रस्ते बंद. ऋचा फ्रीगंजहून येताना अडकली, मी गेटपाशी येरझाऱ्या घालत. शेजारचे शर्माजी म्हणाले, "भाईसाब, बिटिया सयानी है, आप बैठ जाओ, गेट घिस जाएगा." आली हाशहुश करत, सँडल हातात. तरी बसली प्रोजेक्टला. या पोरीची जिद्द.

पुस्तकात संयुक्त कुटुंबाची व्याख्या : एक छप्पर, एक चूल, एक देव्हारा. म्हणाली, काका पुण्यात, तेव्हा छप्पर आणि चूल गेलीच. उरला देव्हारा. मी म्हणालो, पुस्तकवाल्याने पार्सल ऑफिस पाहिलेलं नाही. एका बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, तीन नग असतात. दोन आज येतात, एक मागच्या गाडीने. म्हणून काय माल वेगळा होतो? बिल्टी एक, तर माल एक. आपली बिल्टी म्हणजे देव. त्यासाठीच वाटायचे नाहीत.

वाटलं, आता गप्प बसेल.

"वा आजोबा, हे मी लिहिणार. पण नगाला कोणी विचारलं का, बाबा रे, तुझं वजन कोण उचलतंय?"

रात्रभर हेच डोक्यात.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज कळलं. कसं लिहू.

सकाळी माधवी उठेना. म्हणजे उठता येईना. थोरल्या अनिलने, तिच्या नवऱ्याने, धरून बसवलं. मणक्याचं दुखणं गेल्या थंडीपासून आहे, डॉक्टरांनी वजन उचलायला आणि फार वेळ उभं राहायला मनाई केली आहे. अनिलला ठाऊक होतं, ऋचाला ठाऊक होतं. डोक्याला पत्ता नाही.

दुपारी तिच्या खाटेजवळ जाऊन बसलो. तिने पदर सारखा केला, भिंतीकडे बघत म्हणाली, "बाबा, प्राचीवर रागावू नका. मीच तिला म्हटलं होतं, यंदा तू घे. माझ्याच्याने होत नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"मी सांगणार होते. प्राची म्हणाली, वहिनी, तुम्हाला रोज त्यांच्यासमोर वाढायचंय. रागावले तर माझ्यावर रागावू देत, मी लांब आहे."

धाकटी वाटणी मागते असं समजून मी मोठेपणाने फोन आपटला. दोन्ही पोरींनी मिळून मला सांभाळून घेतलं, आणि शिव्या एकीने खाल्ल्या.

ऋचाला विचारलं, जावा-जावांनी असं करणं कुठल्या सिद्धांतात बसतं? पहिल्यात सगळे आपापलं काम करतात, दुसऱ्यात एकमेकांचं ओढतात. ही तिसरीच तऱ्हा. म्हणाली, "मीपण तेच शोधतेय. सापडलं नाही तर लिहीन, पुस्तकात जागा कमी पडते."

माधवी आणखी एक बोलली, ते विसरू नये. "पाठवायच्या तर आहेत, बाबा. पण त्या दिवशी मी इथे बसून काय करू, ते मात्र समजत नाही."

१७ ऑगस्ट, रविवार

चहाची वेळ टळली. मीच फोन लावला. प्राचीने उचलला नाही. प्रदीपने उचलला, "मीटिंग आहे, नंतर करतो." रविवारी कसली मीटिंग? असेलही. मग केला नाही.

ऋचा समोर बसून बघत होती. "आजोबा, एक विचारू? चिडायचं नाही. तुम्हाला टेंशन देवाचं नाहीये. महालक्ष्म्या तिकडे गेल्या तर काका उज्जैनला कशाला येणार, याचं आहे."

चिडलो नाही. प्रदीप वर्षातून एकदाच येतो, महालक्ष्म्यांना. तीन दिवस राहतो. आवाहनाला येतो, विसर्जन झालं की गाडी. देव धरून ठेवले म्हणजे मुलगा धरून ठेवला, असं वाटायचं. हे कोणाला बोललो नव्हतो. स्वतःलाही नाही.

पण असा धरलेला मुलगा... राहू दे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

अनिलकडून पेटी उतरवून घेतली. मुखवटे हिच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेले. ज्येष्ठेच्या नथीचा मोती सैल झालाय. माधवी आडवी पडल्या पडल्या सांगत होती, मी पुसत होतो. "नाकापाशी हळू बाबा. हं. आता फिरवा." पहिल्यांदाच हात लावला एवढ्या वर्षांत. लक्ष ठेवत होतो ना.

ठरलं, दोन्ही महालक्ष्म्या एकत्रच पुण्याला जातील. बहिणींना वेगळं करायचं नाही. माधवीही जाणार, फक्त बसायला. प्राचीने चुकवलं तर रागवायला, असं स्वतःच म्हणाली आणि हसली. पाठ दुखली हसताना.

शर्माजींना सांगितलं. म्हणाले, "अच्छा, तो देवियों का भी ट्रांसफर हो गया? अब रिलीव कौन करेगा?" चेष्टा करतात, पण प्रश्न बरोबर आहे. देव पार्सलने जात नाहीत, हे मी सांगतोय, पार्सलवाला. घेणाऱ्याने दारात यावं लागतं, ओटी भरून घ्यावी लागते, मग हातात देतात. म्हणजे प्रदीप-प्राचीला इथे यावंच लागेल. आणि ते फोन घेत नाहीत.

२१ ऑगस्ट, गुरुवार

ऋचाने मोबाईलवर माझा आवाज भरून पुण्याला पाठवला. दोनदा अडखळलो, तिने पुसलं नाही. म्हणाली, असाच जाऊ दे. काय बोललो ते इथे लिहून ठेवतो, पुढे मलाच आठवायचं नाही.

"प्राची बेटा, बाबा बोलतोय. त्या दिवशी पूर्ण न ऐकता फोन ठेवला. माधवीने सगळं सांगितलं. महालक्ष्म्या तयार आहेत, पुसून ठेवल्यात, मीच पुसल्यात. न्यायला या. मलाही न्या, भाज्या निवडेन. लक्ष ठेवणार नाही."

सकाळी पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या म्हणजे ऐकला, असं ऋचा सांगते. उत्तर नाही. प्रोजेक्टचं शेवटचं पान तिने कोरं ठेवलंय. म्हणते, सॅम्पलचं अजून चालू आहे.

आता संध्याकाळ. दिवा लागला. फोन चार्जिंगला लावून मी त्याच्याशेजारीच बसलोय. प्रदीप, प्राची, कोणीही करा रे. येत असाल तर गाडी सांगा, यायचं नसेल तर तेही सांगा, मी ऐकून घेईन. पण सण तोंडावर आलाय, पेटी दारापाशी आहे. लवकर कळवा.