मुख्य चालक

प्रिय सारथी,

विम्याच्या कागदावर असते तसे तुझे संपूर्ण नाव लिहून या पत्राची सुरुवात करण्याचा माझा विचार होता. तसे ते लिहिलेही. परंतु वाचून पाहिले तेव्हा मी तुला नोटीस बजावतो आहे असे वाटू लागले. म्हणून कागद बदलला आणि गाडीत बसल्यावर तुला ज्या नावाने हाक मारीत असे, तेच लिहिले. तू गेल्यापासून ती हाक मारण्याचा प्रसंग आलेला नाही. घर तसे ठीक आहे. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो दुरुस्त करून घेतला. तुझ्या कुंड्यांना पाणी घालतो. दोन जगल्या, एक माझ्या अतिकाळजीने गेली असे आपल्या ठकीचे मत आहे. गेले काही दिवस मात्र माझे चित्त थाऱ्यावर नव्हते, आणि त्याला कारण तुझ्या गाडीचा विमा.

आपल्या संसारातली ही वाटणी तुला ठाऊकच आहे. गाडी तुझी, चालवणार तू. विमा उतरवणार मी. मी दोन वेळा गाडी शिकायला गेलो आणि दोन्ही वेळा शिकवणाऱ्याने मला स्वतः घरी आणून सोडले, हे तू पाहुण्यांना सांगत असस आणि मी पेपर वाचण्याचे नाटक करीत असे. दरवर्षी मी तीन कंपन्यांकडून दर मागवायचे, त्यांचा तक्ता आखायचा, आणि तू मटार सोलत असताना समोर बसून तो वाचायचा. विशेषतः कशाची भरपाई मिळणार नाही, तो मजकूर. ‘वापराने होणारी झीज’ असे मी वाचले की तू म्हणायचीस, म्हणजे माझ्या गुडघ्यांचं काही होणार नाही तर. ‘युद्ध अथवा बंडाळी’ आले की, मग तुमच्या बहिणी जमणार असतील त्या दिवशी गाडी काढायची नाही म्हणा. मी पुढची ओळ घ्यायचो. शेवटी तू हात पुसून म्हणायचीस, ऐकलं सगळं, आणा इकडे. आणि सही करायचीस. न ऐकता तू कधी सही केली नाहीस, आणि न वाचता मी कधी तुझ्यापुढे कागद ठेवला नाही.

यंदा प्रश्न निराळा होता. ठकीला घाटापलीकडच्या शहरात नोकरी लागली आहे. गाडी ती घेऊन जाणार असे ठरले, आणि जाणार ती एकटी, स्वतः चालवत; जावई मागाहून जाणार. तू तिला शिकवलेस हे खरे, पण तिचा आजवरचा प्रवास गॅरेज ते बाजार आणि बाजार ते गॅरेज एवढाच. मी रीतसर तीन दर मागवले. पहिला सर्वांत स्वस्त; त्यात आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याला भरपाई, आपल्याला काही नाही. दुसऱ्यात आपल्याही गाडीचा खर्च मिळतो, पण सुटे भाग जुने झाले म्हणून त्यांची किंमत कापून. तिसऱ्यात भागांची पूर्ण किंमत, आणि गाडी वाटेत बंद पडली तर कोणत्याही वेळी माणूस मदतीला येतो. ठकी म्हणाली, पहिला घ्या बाबा, या गाडीला चोरसुद्धा हात लावणार नाही. मी तिला समजावून सांगितले की उद्या तू झाडावर आदळलीस तर झाडाच्या मालकाला पैसे मिळतील, तुला मिळणार नाहीत. ती म्हणाली, झाडाचं तरी भलं होईल. बोलणे अगदी तुझे, आवाज तिचा. मला हसू आले नाही. माझ्या डोळ्यांसमोर घाट होता, त्याची वळणे होती, आणि समोरून येणारा प्रत्येक ट्रक होता.

याच गडबडीत माझ्या हातून एक गोष्ट घडली. माहिती भरताना मी गेल्या वर्षीचा तक्ता समोर ठेवला होता. मुख्य चालक या रकान्यात मी तुझे नाव उतरवले. अनुभव भरपूर, अपघात एकही नाही, भरपाईची मागणी कधी केलेली नाही. वयाच्या रकान्याशी थांबलो, जुना आकडा तसाच राहू नये म्हणून काळजीपूर्वक त्यात एक मिळवला आणि मगच पुढे गेलो. चूक टाळली याचे मला समाधान वाटले, यावर तुझा विश्वास बसेल. दर आले ते सर्व कमी आले. तुझ्यासारख्या चालकाला सवलत असते. मी ठकीला तक्ता दाखवला तो काहीशा अभिमानानेच. तिने तो पाहिला, माझ्याकडे पाहिले, आणि चहा ठेवते म्हणून आत गेली. ती तशी आत का गेली, हे मला तेव्हा कळले नाही.

दुसऱ्या दिवशी विमा एजंटचा फोन आला. तू ज्याला धांदल म्हणत असस, तोच. काका, मॅडमना द्या ना जरा, त्यांच्या नंबरवर ओटीपी गेलाय. तुझा फोन माझ्यासमोर टेबलावर होता. तो मी चार्ज करून ठेवतो. का, ते विचारू नकोस. त्याच्यावर तो आकडा उजळलेला दिसत होता. मी म्हणालो, ती सध्या बाहेर गेली आहे. तो म्हणाला, हरकत नाही, आल्या की कळवा. आणि फोन ठेवून आपल्या कामाला लागला. मी मात्र त्या ‘आल्या की’ पाशी बराच वेळ बसून राहिलो.

मग सवयीने कागद उघडला आणि कशाची भरपाई मिळणार नाही ते मोठ्याने वाचू लागलो. स्वयंपाकघरात कोणी नव्हते. झीज वाचली, बंडाळी वाचली. त्यानंतर ओळ आली की मालक किंवा मुख्य चालक यांच्याविषयी दिलेली माहिती खरी नसल्यास कंपनी काहीही देणे लागत नाही. मला दिसू लागले: घाटात गाडी घसरली आहे, कोणाला तरी लागले आहे, ठकी रस्त्याच्या कडेला फोन कानाशी धरून उभी आहे, आणि पलीकडून विचारणा होते आहे की मुख्य चालक कुठे आहेत. ‘बाहेर गेली आहे’ हे उत्तर माझे. त्याचे परिणाम भोगायचे तिने. मला प्रथमच जाणवले की तू गेलीस, हे वाक्य मी आजवर कोणापाशीच उच्चारलेले नव्हते. नातेवाइकांना फोन ठकीने केले. दारात आलेल्यांशी ती बोलली. मी खुर्च्या मांडत होतो.

सकाळी मी धांदलला फोन केला. उभा राहून बोललो. माझी पत्नी वारली आहे, गाडी यापुढे मुलगी चालवील, काल दिलेली माहिती रद्द समजावी. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाने घाई केली नाही. म्हणाला, काका, तुम्ही आधी बसा. मी उभा आहे हे त्याला कसे कळले कोण जाणे. मी बसलो. मग त्याने एकेक गोष्ट नीट सांगितली: गाडी आधी ठकीच्या नावावर व्हायला हवी, विमा तिच्या माहितीवर नव्याने निघेल, नवखी चालक म्हणून दर वाढेल. तोवर गाडी गॅरेजबाहेर काढायची नाही, असे मी ठकीला बजावले आणि तिला निघण्याचा दिवस पुढे ढकलायला लावला. तिचे म्हणणे, एवढी चौकशी तुम्ही माझ्या लग्नातही केली नव्हतीत. मी तिला सांगितले की जावयाला घाट चढायचा नव्हता.

आज कागद आले. आपण तिसरा पर्याय घेतला आहे. ठकीने पेन उघडले तेव्हा मी तिला थांबवले, समोर बसवले आणि सगळे वाचून दाखवले. झिजेची ओळ आली तशी ती हळूच म्हणाली, आईचे गुडघे. मी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. वाचून झाल्यावर मी तिच्याकडून एक दुपार मागून घेतली, आणि ती हे पत्र लिहिण्यात गेली. कारण या गाडीचा कोणताही कागद तू ऐकल्याशिवाय पुरा झालेला नाही, आणि हा तर तुझे नाव काढून टाकणारा कागद आहे. तो तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये. तर ऐक. मालक, ठकी. मुख्य चालक, ठकी. तुझे नाव कोठेही नाही. झीज, युद्ध आणि बंडाळी पूर्वीप्रमाणेच वगळलेली आहेत. ऐकलेस असे धरून मी आता तिला सही करायला सांगतो.

तुझाच,
शेजारच्या सीटवरचा

ता. क. ठकी सुखरूप पोहोचली. घाट उतरल्यावर तिने फोन केला; वाटेत मदतीला कोणाला बोलवावे लागले नाही. भाड्याचे गॅरेज आता आपल्याला नको, म्हणून आज झाडून रिकामे केले. दार ओढून कुलूप लावले, लागल्याची खात्री करून घेतली, आणि किल्ल्या मालकीणबाईंना परत दिल्या.