खांद्याला बसलेली रायफल

१२ जून, बुध.
भाऊकडची रायफल भाऊची नाही. नामपल्लीच्या बंदूकदुरुस्तीच्या दुकानातल्या म्हाताऱ्या मेस्त्रींनी नळीवरचा नंबर भिंगातून दोनदा वाचला, लायसनशी ताडला. शेवटचे दोन आकडे वेगळे. "बेटा, ये इनकी नहीं है." मी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. तेच. रायफल त्यांनी ठेवून घेतली.
भाऊ सव्वीस वर्षं बँकेत गार्ड. आमच्या वडिलांची, आबांची, रायफल त्याच्या नावावर, त्या लायसनवरच नोकरी. पुढच्या आठवड्यात लायसनचं नूतनीकरण, म्हणून तपासायला नेली होती. घाबरलेय. मी. भाऊ नाही.

१३ जून, गुरु.
निवडणुकीआधी सगळ्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात, तशी त्याचीही. परत आणायला तो आणि यादगिरी बरोबर गेलेले. यादगिरी दुसऱ्या शाखेचा गार्ड, जुना दोस्त. त्या दिवशी तापाने फणफणलेला. सही करून बाकावर बसला. दिसायला सारख्या दोन्ही रायफली भाऊनेच उचलल्या. म्हणजे आपली त्याच्याकडे. यादगिरीला फोन केला.
"हौ अक्का, बगल में अटक रई थी. मैं सोचा बुखार से मेरे हाथां छोटे हो गए."
वहिनीला कळवलं तर ती हसली, मग रडायला लागली.
ठाण्यातल्या शिपायाने रायफलींवरच्या चिठ्ठ्या चुकवल्या असणार. ठाण्यासाठी अर्ज लिहिला. भाऊची सही बाकी.

१४ जून, शुक्र.
अंबरपेठला भाऊच्या घरी गेले. भाऊ सही करेना.
"शिपायाचं काढ त्यातून."
"मग चूक कुणाची?"
"चूक नाही. नंबर बघितला होता मी."
कानावर विश्वास बसेना. भाऊ! दुकानदाराने चार आणे जास्त दिले तर परत करायला पळणारा.
आबा उंच, भाऊ बुटका. सव्वीस वर्षं खांद्याला टेकायचा लाकडी दस्ता बगलेत अडकला, गोळीबाराच्या चाचणीनंतर दरवेळी खांदा निळा. यादगिरीने सुताराकडून आपला दस्ता दोन बोटं कापून घेतलेला. ठाण्याच्या व्हरांड्यात भाऊने ती एकदा खांद्याला लावली.
"लावली अन् बसली गं. डोळा उघडला तर नळीच्या टोकावरची नेमाची माशी समोर. शोधावीच लागली नाही."
"मग आपलीच कापायची!"
"आबांची. तिला करवत कशी लावू?"
दोस्ताची उचलताना मात्र...

१५ जून, शनि.
यादगिरीला त्याने स्वतः जाऊन सांगितलं. मी दारात. यादगिरी ऐकून म्हणाला,
"बोलते तो सुतार का पता देता था ना, भाऊ."
चहा विचारला नाही.
दोन्ही रायफली ठाण्यात. मंगळवारी अकराला दोघांचे जबाब. जुळले तर नोंद दुरुस्त. यादगिरीने तक्रार दिली तर गुन्हा, म्हणजे लायसन नाही, नोकरी नाही. यादगिरी हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.
रिक्षात मी रडत होते. भाऊ म्हणाला, "सगळं मिटलं की ठाण्यातल्या साहेबांना विचारतो, दोन्ही रायफलींची नावावर अदलाबदल करून मिळती का."
विचारेल तो. मंगळवारीच विचारेल, जबाब देताना, यादगिरीसमोर.