बाबांची खूण

माय,

तुला अक्षर ओळखता येत नव्हतं आणि मी तुला पत्र लिहायला बसले आहे. हसशील तू. हस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे स्वतःचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा कुठे ही हिंमत झाली आहे. आणि लिहूनही हे टाकणार कुठे, कोणत्या गावाला?

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या हिवाळ्यात तुझे कान पार गेले. दिग्रसच्या जिनात सरकी काढायच्या रेच्यावर कापूस टाकता टाकता दहा-बारा वर्षं तो खडखडाट ऐकलास, मग काहीच ऐकू येईना. आपला आवाज केवढा निघतो तेही कळेना. एकदा विहिरीवर तू माझ्या कानात सांगितलंस, "घरात पीठ नाही, सांगू नको कोणाले." ते अख्ख्या आळीनं ऐकलं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. त्या दिवसापासून तू बाहेर तोंड उघडलं नाहीस, आणि हळूहळू घरातही.

मी बारा वर्षांची आणि भारी आगाऊ. ठरवलं, आपण हातांची भाषा करायची. भाकर, पाणी, सरकी, चूल हे सगळं एका संध्याकाळी झालं. अडलं ते माणसांपाशी. मी सरळ बोट करून हा, तो, तू असं दाखवायला लागले, तर तू माझ्या बोटावर चापट मारलीस आणि कितीतरी दिवसांनी ओरडलीस, "माणसाकडे बोट करून बोलतेत काय? तो काय बाजारातला बैल हाये?" झालं! मग बोट न दाखवता एकेक माणूस घडवावा लागला. छातीवर तळवा म्हणजे मी. 'तू' म्हणायला तू माझी वेणी ओढायचीस, मी तुझा पदर. दोन करंगळ्या अडकवल्या की आपण. 'आम्ही'साठी मी वेगळी खूण काढायला निघाले तर पुन्हा तुझा आवाज फुटला, "तुले सोडून मी कोठी चालली?" ती खूण मग केलीच नाही.

जिनातला मुकादम म्हणजे मिशीला पीळ. राहिले बाबा. मिशी त्यांनाही होती, पण मुकादमाची खूण नवऱ्याला द्यायला तू मुळीच तयार नव्हतीस. नाव तर तू कधी घेतलंच नव्हतंस. मी हातवारे करून चिडवते आहे, सांग ना, लाजतेस काय! चुलीपुढे बसलेली तू पिठाचा हात लुगड्याला पुसतेस, इकडेतिकडे बघतेस, आणि बोटाचं टोक हळूच कुंकवाला लावतेस. बाबा बैलबंडी सोडून दारात उभे. "हे काय चालू हाये मायलेकीचं?" मी म्हटलं, तुमची खूण आहे. ते तसेच वळून बैलांना पाणी दाखवायला गेले. मला वाटतं, तेही लाजलेच. त्या दिवशी तू मला फार आवडलीस, माय.

चार वर्षांनी बाबा तापानं गेले. दहाव्या दिवशी घर बायांनी भरलेलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि तुझं बोट उघड्या कपाळावर गेलं. तुला त्यांच्याबद्दल काहीतरी सांगायचं होतं. आत्या कडाडली, "हे काय करून राह्यली वहिनी? कपाळ दाखवते लोकायले!" सगळ्या बाया वळून बघायला लागल्या. मला लाज वाटली. तुझी लाज वाटली. मी तुझा हात धरला आणि खाली मांडीवर दाबून ठेवला, लहान पोराचा दाबावा तसा. तू सोडवून घेतला नाहीस.

त्यानंतर तू सहा वर्षं होतीस. जावयाची खूण केलीस, नातवाची केलीस. बाबांची नवी खूण करायला मला कितीसा वेळ लागला असता? कासरा ओढल्यासारखी मूठ, बस. आत्ता लिहिता लिहिता सुचली, बघ. लोकांना मात्र मी सांगत आले, माय त्यांना लवकर विसरली, बरंच झालं.

विसरली कुठे? जेवताना तुझा हात कपाळाकडे निघायचा, अर्ध्यात थांबायचा, आणि तू माझ्याकडे बघायचीस. मी ताटात बघायचे.