काळजाखालचा वळसा

ता. ४ मार्च

ती. ताईस, धाकट्याचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

माझं आधीचं पत्र तांबड्या शाईने चुका दुरुस्त करून परत धाडलंस, उपकार झाले. इकडची बातमी म्हणजे दोन महिने माझा आवाज बसलाय. फुलांच्या लिलावात माझा पुकारा शेवटच्या ओट्यापर्यंत जायचा; आता पुढच्या रांगेतले व्यापारीसुद्धा कानामागे हात धरतात. घशाच्या डॉक्टरांनी गुळण्या आणि मौन सांगितलंय. तुझी भावजय म्हणते, मौन थोडं वाढवून मागा. पाणी पिताना ठसका मात्र फार लागतो. हंगामाआधी आवाज सुटला नाही तर चौथऱ्यावर दुसरा माणूस उभा करू, असं आडत्यांनी गोड बोलून कळवलंय. मला दुसरं काही येत नाही, ताई. तुझ्या जीवशास्त्राच्या वर्गातल्या सांगाड्यांत घशावरचं औषध असेल तर कळव.

लोभ आहे त्यात कपात नको.

तुझा,
धाकटा

ता. ९ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद, वि. वि.

गुळण्या बंद कर. तुझ्या डॉक्टरांनी नुसता घसा पाहिला, म्हणजे दारावरची पाटी वाचून घर तपासले. आवाजाची डावी नस मेंदूकडून निघते, पण घशाशी न थांबता छातीत उतरते, हृदयाच्या मोठ्या धमनीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर चढते. कारण आपले पूर्वज मासे होते. माशाला मान नसते. त्याच्या शरीरात हीच नस कल्ल्याकडे सरळ जाई. पुढे मान लांबली, हृदय खाली सरकले आणि धमनीखाली अडकलेली नस तशीच ताणली गेली. उत्क्रांती जुने बांधकाम पाडत नाही, त्यालाच ठिगळे लावते. जिराफात हा वळसा कित्येक हात लांब आहे.

म्हणून बसलेल्या आवाजाचे कारण छातीत असू शकते. उद्याच छातीचा एक्स-रे काढ. जोडीला ठसका आहे, हे मला आवडलेले नाही. डॉक्टर हसले तर हसू देत. भावजयीला सोबत ने. या पत्रावर विनोद करू नकोस.

आशीर्वाद आहेतच, उत्तर उलट टपाली हवे.

ताई

ता. २१ मार्च

ती. ताईस, शि. सा. नमस्कार, वि. वि.

एक्स-रे काढला, मग मोठ्या यंत्रात घातलं. तू लिहिलंस तिथेच, त्या वळशापाशी, गाठ आहे. धमनीला चिकटलीय, कापता येणार नाही. औषधांनी दिवस लांबतील, आवाज येणार नाही, असं डॉक्टरांनी खाली बघत सांगितलं. तुझी भावजय दवाखान्याच्या पायऱ्यांपर्यंत धीराची होती. चौथऱ्यावर दुसरा उभा राहिला. बरा पुकारतो, जरा नाकात.

एक विचारू? ते पत्र लिहिताना तुला ठाऊक होतं ना? पानभर मासे आणि जिराफ लिहिलेस, तो एक शब्द लिहिला नाहीस. माझा काना चुकला तरी तू सोडत नाहीस, मग उत्क्रांतीच्या असल्या गचाळ कामाला इतकी वर्षं पास कसं केलंस? डॉक्टर म्हणतात, नस तिथून जाते म्हणून तर कळलं. सरळ गेली असती तर गाठ मुकाट वाढली असती. तेवढ्यात समाधान मानायचं म्हणतोय. जमत नाही.

लोभ राहू दे, जितके दिवस आहे तितके.

धाकटा

ता. २५ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

ठाऊक होते. लिहिल्याने गाठ होते असे मानणारी मी नव्हे. तरी त्या शब्दाला हात धजेना, म्हणून मासे लिहिले. मासे मला येतात.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी दर वर्षी वर्गात देते. ज्या जिवाने पिल्ले होईपर्यंत तग धरला, त्याचे शरीर पुढे चालले. आराखडा कुणी काढला नाही, कुणी तपासला नाही. हे सांगताना मला आजवर अभिमान वाटे. काल ते वाक्य तोंडाशी आले आणि मी खडू ठेवून बाहेर पडले. जन्मभर मी चुकणाऱ्यांना फैलावर घेतले. इथे फैलावर घ्यायला कुणीच नाही, धाकट्या. हेच मला सोसवत नाही.

रजेचा अर्ज दिला आहे; परतीची तारीख लिहिलेली नाही. गुरुवारी पोचते. बोलण्याचे कष्ट घेऊ नकोस. आजवर तू बोललास आणि मी दुरुस्त केले. आता मी बोलेन. माझे चुकले की हाताला चिमटा काढ, जोरात काढ.

तुझा लोभ माझ्यावर असू दे. या खेपेस मागणारी मी आहे.

तुझी,
ताई