कंप ओला केल्याची हकीकत

नागाव, कार्तिक वद्य पंचमी, १९५६

तीर्थस्वरूप भिकूभावोजी यांना शिवदासाचा साष्टांग नमस्कार.

आपली, ताईची आणि मुलांची प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. (मागल्या पत्रात ताईनं खोकल्याचं लिहिलं होतं. तिला आल्याचा रस द्यावा.) आम्ही सगळे खुशाल आहोत, इतके खुशाल की कधी एकदा लिहून टाकतो असं झालं आहे. अक्षर लागलं नाही तर रागावू नये.

भावोजी, आपली भातगिरणी चालू झाली! तेलावर चालणारं ते इंजिन आवडाकाकूच्या घराला लागून असलेल्या पडवीत बसवलं. (जागा काकूचीच, म्हणून तर पुढचं सगळं झालं.) पट्टा चढवला, भात ओतलं, पांढराशुभ्र तांदूळ पडू लागला, आणि त्याच क्षणी काकूच्या घरातली भांडी नाचू लागली. लोणच्याची बरणी फळीवरून सरकत सरकत कडेला आली आणि तिनं खाली उडी घेतली. तेही काकूनं सोसलं असतं. पण देव्हाऱ्यातला गणपती (तिच्या सासूनं पालीहून आणलेला) हलत हलत भिंतीकडे तोंड करून बसला! काकू पदर खोचून आली. म्हणाली, "शिवा, माज्या देवानं पाठ फिरवली. ही थरथर थांबव, न्हायतर येत्या बाजाराच्या आत तुजं विंजन हितनं उचल." आता गावातल्या घराघरात नवं भात येऊन पडलेलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. इंजिन उचलून नेऊ कुठं?

ज्यांच्याकडून इंजिन घेतलं त्या मुंबईच्या दुकानदाराला मी कळवलं. उत्तर आलं ते इंग्रजीत, एका ओळीचं. आपल्या शाळेचे दत्तात्रेय मास्तर (इंग्रजी म्हटलं की यांना जेवण सुचत नाही) देवळाच्या पायरीवर उभे राहून मोठ्यानं वाचते झाले, 'व्हायब्रेशन मस्ट बी डॅम्प्ड.' व्हायब्रेशन म्हणजे कंप, हे त्यांना पाठ होतं. डॅम्पसाठी कोश उघडला. ओल, दमटपणा, क्रियापद असल्यास ओले करणे. मास्तर आनंदानं ओरडले, "कर्मणी प्रयोग! कंप ओला केला गेलाच पाहिजे!" मी भीत भीत विचारलं, की मास्तर, कंप ओला करायचा म्हणजे कसा? तर म्हणाले, "तू घसा ओला करतोस ना? तसाच."



सगळी आळी कळश्या घेऊन धावली. काळूरामनं तर वाडीच्या रहाटाला बैल जुंपून पाण्याचा पाटच गिरणीकडे वळवला. इंजिन चालू, आणि आम्ही चहूकडून पाणी मारतोय! पट्टा घसरला, इंजिनानं ठसका दिला, मास्तरांचं धोतर काळं झालं, आणि खालची रेताड जमीन भिजून अशी मऊ झाली, की ते धूड काकूच्या भिंतीकडे कलायला लागलं. काकू किंचाळली, "मेल्यांनो, माजी भित पाडताय! ती सोडणं घ्या, घाला खाली!" नारळाच्या सोडणांची तिची रास, चुलीसाठी वर्षभर राखलेली. पण त्या घटकेला तिनं स्वतः टोपल्या भरभरून फेकल्या. आम्ही बांबूंनी इंजिन उचललं, खाली सोडणं ठासली, वर फळ्या घातल्या.

सगळं वाळल्यावर परत चालू केलं. काकू देव्हाऱ्यासमोर हात जोडून उभी. इंजिन धडधडतंय, तांदूळ पडतोय, थरथर सगळी खालच्या सोडणांत जिरतेय, आणि गणपती जागच्या जागी! काकूच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं आतून गूळ आणून सगळ्यांच्या हातावर ठेवला, माझ्या हातावर जरा जास्तच. मास्तरांनी पुन्हा कोश काढला, तर त्याच शब्दाखाली, पान उलटल्यावर, 'कंप मंद करणे' असा अर्थ निघाला आणि त्याखाली 'उत्साहावर पाणी टाकणे'. मी वरच्या अर्थावर बोट ठेवलं, त्यांनी खालच्यावर. मास्तर म्हणाले, "पाणी आहे की नाही?"

आता गावात हा शब्द सर्रास चालतो. पोर रडलं की आई म्हणते, त्याला ड्यांप कर. परवा सोयरिकीच्या बैठकीत दोन्ही व्याही हमरीतुमरीवर आले, तर सोनूबाईनं दोघांना ताक देऊन ड्यांप केलं.

लहानांस आशीर्वाद, ताईस नमस्कार.

आपला,
शिवदास

ता. क. काल दुकानदाराचं आणखी एक पत्र आलं. इंजिनाचा वेग मध्येच वाढतो, मध्येच पडतो, असं मी लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं, हा सगळा दोष गव्हर्नरचा आहे, तो ताबडतोब बदलावा, नवा त्यांच्याच दुकानात मिळेल. मास्तरांनी आख्खा कोश पाहिला. अर्थ एकच, राज्यपाल. अर्ज लिहून तयार आहे, गावानं सह्या केल्या आहेत.

आणखी ता. क. गव्हर्नर डाव्या बाजूला आहे, असंही पत्रात आहे. रेवसहून लाँचनं मुंबईत शिरताना राजभवन डावीकडेच येतं, तेव्हा मास्तरांना शंका उरलेली नाही. शिष्टमंडळ सोमवारी निघतंय. मी, मास्तर, काळूराम, आवडाकाकू आणि अर्धी आळी. मुंबईत उतरणार आपल्याच खोलीवर. ताईला हे जरा बेतानं सांगावं, आणि फारच चिडली तर तिला ड्यांप करावं.