तिसऱ्या पुलावरची फळी

२ फेब्रुवारी

ती. मामास,
टिटवीचा सा. न. वि. वि.

फोनवर माझं निम्मं बोलणं तुला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकल्यासारखं करतोस, म्हणून कागदावर लिहिते. तुझ्या व्हिडिओ गेमच्या दुकानातल्या मशीनच्या किंचाळण्यानेच तुझे कान गेले, असं आई अजून सांगते.

बातमी अशी की आमच्या कंपनीने नव्वदच्या दशकातले काही जुने गेम विकत घेतलेत आणि त्यातला एक नव्याने करायचं काम माझ्याकडे आलंय. आपला पुलाचा गेम. दादाने तेच मशीन कुठून तरी शोधून तुझ्याकडे पाठवल्याचंही कळलं. मुलगा असावा तर असा.

माझं डोकं मात्र फिरलंय. इतक्या वर्षांनी तो गेम खेळायला बसले आणि रडकुंडीला आले. संगीत तेच, तोंडपाठ असलेलं. चित्रं मात्र आठवत होती त्याहून कितीतरी ओबडधोबड. आणि तो तिसरा पूल. आधी काही हलत नाही, वाजत नाही, आणि पायाखालची फळी जाते. साहेब म्हणतात, मेल्यावर बटण दाबून मागे जाता आलं पाहिजे, नाहीतर आजची मुलं गेम फेकून देतील. मी म्हणते, मग तो पुलाचा गेम राहतच नाही. मीटिंगमध्ये मी एकटी पडते. तू हा गेम रोज पाहिलास. तुझं खरं मत लिही. चांगला होता ना तो?

मामीला नमस्कार. लोभ आहेच, उत्तरातही दिसू दे.

तुझी,
टिटवी


११ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

खरं मत मागितलंस, तर घे. गेम चांगला नव्हता. टोकन गिळायला बनवलेला होता. ती फळी तिथे का? कारण एकच पोरगं एका टोकनवर अर्धा तास उभं राहिलं, तर मागची रांग शेजारच्या दुकानात जाईल. त्यात कला-बिला शोधू नकोस. जुन्या गेमच्या नावाने लोक गहिवरतात तेव्हा मला चीड येते. त्यांना गेम आठवत नसतो, स्वतःचं वय आठवत असतं.

दादाने पाठवलेलं ते कपाटाएवढं धूड बैठकीच्या खोलीत उभं आहे. दार अर्धंच उघडतं, अंग चोरून आत यावं लागतं. म्हातारा खूश होईल असं त्याला वाटलं. मी प्लग काढून ठेवतो, तुझी मामी परत लावते. होय, मामीच. जन्मात दुकानाची पायरी चढली नाही आणि आता चहाचं आधण ठेवलं की तिथे उभी. तिसऱ्या पुलावर पडली की माझ्यावर डाफरते, जणू फळी मीच काढली. काल दूध उतू गेलं. जुनं सामान घेणाऱ्याला मी बोलावलं होतं, त्याला तिने दारातूनच वाटेला लावलं. तेव्हापासून आमचा अबोला आहे.

तू बटण लावून टाक. साहेबाशी भांडू नकोस.

राग आला तरी लोभ ढळू देऊ नकोस.

तुझा,
मामा


१९ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

राग आला आहे, आणि पुष्कळ. तुझं पत्र साहेबांना दाखवायला नको होतं, पण तिरीमिरीत दाखवलं. त्यांनी ‘टोकन गिळायला बनवलेला’ हे तुझे शब्द फळ्यावर लिहिले आणि म्हणाले, बघा, दुकानदारच सांगतोय. सगळे हसले. मी हे काम सोडते असं सांगून बाहेर आले. त्यांनी महिनाअखेरीपर्यंत विचार करायला सांगितलंय.

तुझं म्हणणं खोटं नाही, तेच जास्त लागलं. पण फक्त टोकन गिळायलाच होता, तर आम्ही सगळी पोरं पुन्हा पुन्हा का येत होतो? आम्हाला काय अक्कल नव्हती? मामीला तर टोकनही घालावं लागत नाही. ती रोज पडते आणि रोज उभी राहते. का, ते तिला विचारून कळव. अबोला संपला असेल तर.

लोभाचं नंतर बघू.

टिटवी


२४ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
मामीचे आशीर्वाद.

हे विचारणार नाहीत, म्हणून मीच लिहिते. दहा-बारा वर्षं हा माणूस सकाळी दुकानात जायचा, तो दादा झोपल्यावर घरी यायचा. दादाला ताप असो की घर बदलायचं असो, मी एकटी. मला वाटायचं, गेमचं दुकान म्हणजे मजाच चालत असेल. मशीन घरात आलं तेव्हा म्हटलं, बघू तरी, एवढं काय होतं त्यात.

आधी नुसता संताप झाला. त्या फळीपायी मी मशीनला लाथ मारली, अंगठा सुजला. पडल्याचा राग नाही गं. आपलं काय चुकलं तेच कळत नाही, त्याचा राग. चूक कळली तर माणूस शंभरदा पडून उठतो. न सांगता पायाखालचं काढून घेतलं, तर उठतो तो चिडूनच. काम सोडण्याआधी साहेबांना हे सांगून बघ.

परवा मी ह्यांना म्हटलं, तुम्ही खेळून दाखवा. बरीच टाळाटाळ केली. शेवटी उभे राहिले आणि पहिल्याच पुलावर पडले. मी हसले. मग ते म्हणाले, मालकच मशीनवर उभा राहिला तर गिऱ्हाइकाने कुठे उभं राहायचं. एवढ्या वर्षांत एकदाही खेळले नव्हते. माझं हसू तिथेच विरलं.

जेवणखाण वेळेवर कर. माया आहे, हे वेगळं लिहायला नको.

तुझी,
मामी


९ मार्च

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मामीने मोठ्याने वाचून दाखवला. म्हणजे फळी आता पडण्याआधी कुरकुरणार आणि मागे जायचं बटण राहणार, पण ज्याला हवं त्याच्यापुरतं. साहेबाने तुझं अर्धंच ऐकलं म्हणून धुमसते आहेस. धुमस, पण तिथेच राहून धुमस.

माझं मत बदललेलं नाही. बटणं दगडासारखी घट्ट आहेत, उडी मारायला सांगावं तर पडद्यावरचा माणूस विचार करून उडी मारतो. मामी मागे उभी राहून सूचना देते, त्याने आणखी डोकं उठतं. तरी काल तिसरा पूल ओलांडला. चौथा मी इतकी वर्षं पोरांच्या खांद्यांवरून पाहत आलो होतो. समोर उभं राहून पाहिलं तर पलीकडे समुद्र आहे, पडद्याच्या खालच्या कडेपर्यंत. तो मला कधी दिसलाच नव्हता.

बघत राहिलो आणि मेलो. अजून चिडलेलो आहे.

लोभ तुझ्याकडून थकला असेल तर पाठवून दे.

तुझा,
मामा