दगडाच्या रंगाचं पान

प्रिय धाकट्या,

सात वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकशील. आई बरी आहे, तुझ्या पुतणीचं शिक्षण संपलं. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

गेल्या महिन्यात झाडाझुडपांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या. म्हणाल्या, तुम्ही औषधी कंद खणता तो गावाजवळचा डोंगरउतार दाखवा. मी म्हटलं, तिथे काय बघायचंय, माझ्या भावाने तिथले कंद केव्हाच खणून विकून टाकले. तरी गेलो. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि दगडगोट्यांत बोट ठेवत गेल्या. इथे एक, हे दुसरं, तुमच्या पायाखाली तिसरं. आपल्याच कंदाची रोपं, पण पानं राखाडी, हुबेहूब दगडासारखी. मग त्यांनी दोर लावून, माणूस पोचत नाही अशा कपारीतलं एक पान वर आणलं. ते हिरवंगार होतं, आजोबा सांगायचे तसं. बाई म्हणाल्या, हिरवं दिसेल ते तुम्ही बी धरण्याआधीच उपटलंत. कळकट तेवढं नजरेतून सुटलं, त्याचंच बी पडत गेलं. आपल्या तीन पिढ्या हेच करत आल्या. मी रोज कुदळीला नमस्कार करून निघायचो रे, आणि देवाने दिलेला रंग आपण पुसत होतो.

तू त्या जवळच्या उतारावरून रिकामी टोपली घेऊन यायचास. मी फारसं कुणी न खणलेल्या दूरच्या उतारावरून भरून आणायचो, म्हणून मला वाटलं, तू कंद परस्पर विकतोस. "डोंगर गिळलास की काय?" असं चारचौघांत विचारलं. तू म्हणालास, "दादा, दिसलं तर खणीन ना! एकदा येऊन तर बघ." मी आलो नाही. देवापुढे शपथ घ्यायला लावली. तू घेतलीस, आणि तीही मी खोटी धरली.

मग घर सोडून शहरात तू औषधांच्या गोदामात लागलास आणि महिन्याभरात त्यांनी कारण न सांगता काढून टाकलं. ते कारण मी. याचा हात स्वच्छ नाही, जपून राहा, असं मालकांना मीच कळवलं होतं. खरं सांगणं हा धर्म, असं समजून. बाई गेल्यावर लगेच त्यांना दुसरं पत्र धाडलं, माझा भाऊ निर्दोष आहे म्हणून. ते न फोडताच परत आलं. पाकिटावर शेरा होता: मालक वारले, गोदाम बंद पडलं. तेव्हा आता तुलाच विचारतो. त्यानंतर जिथे जिथे तुला दारातून परत पाठवलं, ती ठिकाणं लिहून कळव. मी एकेकाच्या दारी जाऊन सांगेन.

तुझाच अपराधी,
दादा